खसखस अनारशावरही आणि मटणातही

सध्या फेसबुक उघडलं की मला आलटून पालटून दोन जाहिराती दिसतात. एकीत वीगन लाडू, वीगन बर्फी, वीगन कुकी, आणि पाव किलोचा भाव वाचून डोळे पांढरे व्हावेत असा. दुसरीत ‘अस्सल मराठा मटण मसाला’, पाकीट फोडा, पातेल्यात टाका, जेवायला बसा. दोन्ही विकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, की इंदूरच्या मराठी घरात यातलं काहीही विकत आणायची वेळ येऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच फडताळात असतात. त्यातल्या निम्म्या तर एकाच डब्यात.

हे मला सुचलं ते भाचीमुळे. पुण्याला शिकायला गेली आणि वीगन होऊन परत आली. मांस-मच्छी-अंडी नाही, ते एक वेळ समजलं. पण दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही! आमचं घर पिढ्यान् पिढ्या मटण खाणारं, रविवारी हाडं फोडणारं. सासूबाईंना तर धक्काच बसला. “तूप नाही तर पुरणपोळीवर काय, पाणी घालायचं?” असं त्यांनी तिला तोंडावर विचारलं. पोर हसून म्हणाली, “आजी, तू तुझं खा, मी माझं खाते.” आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “मामी, माझ्यासाठी वेगळं काही आणू नकोस हं, घरात असेल तेच कर.”

घरात असेल तेच. मी मांडणीपुढे उभी राहिले आणि एकेक डबा खाली काढला. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं, खसखस, गूळ, अळीव, हरभरा डाळ, तांदळाचं पीठ, पोहे, सोयाबीनच्या वड्या, धणे, दगडफूल, लाल तिखट. यातल्या एकाही डब्यात दूध नाही. आणि मटणाचं वाटण करायचं म्हटलं, तर तीळ-खोबरं-खसखस-धणे याच रांगेतून निघतात.

हे डबे कुठून भरतात तेही बघा. आपण सियागंजातून किंवा मारोठिया बाजारातून किराणा आणतो, पण माल येतो कुठून? खसखस नीमच-मंदसौरची. तिकडे सरकारी परवान्यावर अफूची शेती होते. बोंडाला चिरा देऊन चीक काढून घेतला की त्याच बोंडात खाली खसखस उरते. (परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला आहे. अनारशावर खसखस भुरभुरताना हे आठवलं की मला उगाचच हसू येतं.) लसूण मंदसौरचा. तिखटाची मिरची निमाडातली, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून आलेली. गूळ नरसिंहपूरकडचा, करेलीचा. पोहे उज्जैनचे. सोयाबीन तर माळव्याच्या काळ्या मातीतलं घरचंच पीक, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थासुद्धा इथे इंदुरातच आहे. खोबरं तेवढं दक्षिणेतून येतं. 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबंही आली. त्यांनी वाटणाची पद्धत देशावरून आणली असेल, पण वाटणात जातं ते बहुतेक इथलंच. म्हणून आमच्या रश्श्याला कोल्हापूरच्या मापाने मोजू नका, आणि ‘इंदूरवाल्यांना मटण काय कळतं, ते पोहे-जिलबीवाले’ हेही ऐकवू नका.

आता गोडाकडे येते. लोकांची समजूत अशी की तूप नसेल तर मराठी गोडधोड संपलं. काही प्रकार खरंच संपतात. बेसनाचा लाडू तेलात करून बघा म्हणणाऱ्यांच्या मी नादी लागत नाही. तूप गार झालं की थिजतं, त्यावर तो लाडू उभा राहतो. तेल थिजत नाही, लाडू ताटात बसकण मारतो. खोबरेल थंडीत थिजतं, पण इंदूरच्या एप्रिलमध्ये त्याचंही पाणी होतं. डालडा चालेल म्हणाल तर तो वनस्पतीचाच, वीगन आहे खरा, पण माझ्या स्वयंपाकघरात तो येत नाही. तेव्हा बेसनाचा लाडू सोडून द्यायचा. त्याची नक्कल करत बसू नये.

पण शेंगदाण्याचा लाडू घ्या. त्याला तूप कधी लागतच नव्हतं. दाणे मंद आचेवर भाजायचे, साल तडकेपर्यंत. घाईने मोठ्या आचेवर भाजले की बाहेरून डाग आणि आतून कच्चे राहतात. सालं पाखडून दाणे कोमट असतानाच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. आधी रवाळ कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटायला लागतं. तेल सुटायला लागल्याची ही खूण. याच क्षणी चिरलेला गूळ आणि वेलची घालून एकच फेरा द्यायचा आणि थांबायचं. आणखी फिरवलंत तर लोणी होईल, पोळीला लावायला छान, लाडवाला निरुपयोगी. गरम आहे तोवर वळून घ्या. दाण्याचं तेल आणि गुळाचा चिकटपणा, बास, तिसरं काही लागत नाही. यात चमचाभर भाजलेली खसखस घातली तर मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

अळिवाचे लाडू तसेच. बाळंतिणीचे म्हणून त्यांच्यात तूप ओतायची सवय आपल्याला आहे. पण अळीव नारळाच्या पाण्यात फुगवून ओलं खोबरं आणि गुळाबरोबर आळवले तर तुपाची आठवण येत नाही. गूळपोळीच्या सारणातलं बेसन तेलातच खमंग भाजतात, कणकेला मोहन तेलाचंच. वरून तूप घेतो ते आपण, पोळी मागत नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, सावलीत वाळवायचे, दळून गुळात मुरवायचे, खसखशीवर थापायचे आणि खसखस वर ठेवून तळायचे. तेलात तळले तरी जाळी पडते. जाळी पिठामुळे पडते, तुपामुळे नाही.

आणि दुधाचं काय? गुळाच्या खिरीत दूध फाटतं म्हणून आपण किती जपतो. नारळाच्या दुधात ती भीती फार कमी. सुकं खोबरं किसून कढत पाण्यात अर्धा तास ठेवायचं, वाटायचं, फडक्यातून पिळायचं, दूध तयार. चहासाठी सोयाबीनचं दूध घरी करणाऱ्यांची तक्रार असते की कच्चट उग्र वास येतो. तो वास दाणा थंड पाण्याबरोबर वाटताना तयार होतो. भिजवलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकायचे, सालं काढायची आणि वाटतानाही गरम पाणीच घालायचं. मग दूध चांगलं पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, कारण कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं.

बाहेर खायला निघालं की मात्र भाचीची पंचाईत. सकाळचे पोहे, शेव, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला, काही अडचण नाही. पण जिलबीच्या पिठात दही असू शकतं, ती तळतात तुपात. भुट्ट्याच्या किसात दूध, शिकंजीत तर नावापुरतं लिंबू नाही, सगळं दूधच. थंडीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे एक कंद, तेलात तळलेले मिळाले की पोरगी खूश.

सोयावडीबद्दल मला थोडं चिडून बोलायचं आहे. सोयाबीनच्या राज्यात राहून आपण तिची वाट लावतो. पाकिटातून काढली, गरम पाण्यात टाकली, तशीच पाण्याने भरलेली रश्श्यात ढकलली, आणि मग म्हणायचं रबर आहे, वास येतो. अहो, पिळा की तिला! मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार पाण्यात टाका, दोन्ही तळव्यांत धरून दाबा. पहिल्यांदा फेसाळ पाणी निघतं. पुन्हा गार पाणी, पुन्हा दाबा, फेस थांबेपर्यंत. मग थोड्या तेलात कडा तांबूस होईस्तोवर परता. आता तिच्या पोकळ्या रिकाम्या आहेत, वाटण आत जाईल. आणि तिला ‘व्हेज मटण’ म्हणून वाढू नका. खाणारा पहिल्या घासापासून मटण शोधत राहतो, वडी बिचारी नापास होते. वडीचा रस्सा म्हणून वाढा.

आता मटण. पाकिटातल्या मसाल्यावर माझा राग चवीपेक्षा वासासाठी आहे. भाजलेल्या खोबऱ्याचा वास पाकिटात राहत नाही. खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून सरळ गॅसवर धरायची. आधी तेल घामासारखं बाहेर येतं, मग कडेने पेट घेते. फुंकून विझवायची, फिरवून पुन्हा धरायची. कांदा सालीसकट जाळावर, बाहेरून कोळसा आणि आतून मऊ. तीळ, खसखस, धणे एकत्र भाजू नयेत. तीळ तडतडतात तोवर धणे कच्चे असतात आणि खसखस करपलेली असते. नुसती खसखस मिक्सरमध्ये वाटली जात नाही, पात्यांखाली गोल फिरत राहते, म्हणून ती खोबऱ्याबरोबर.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परतायचं आणि पाणी न घालता झाकण ठेवायचं. झाकणाच्या ताटात पाणी. मटण स्वतःचं पाणी सोडतं, वरचं पाणी तापतं, आणि लागेल तसं तेच तापलेलं पाणी आत घालायचं. गार पाणी घातलं की मटण आखडतं, असं सासूबाई म्हणतात, आणि याबाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही. शिजलं की अळणी पाणी वेगळं काढा. मुलांना आणि सर्दी झालेल्यांना ते आधी. वाटण दुसऱ्या पातेल्यात तेल सुटेपर्यंत परतायचं. तिखट आच बंद करून घालायचं, नाहीतर बेडियाच्या मिरचीचा रंग काळा पडतो.

पांढऱ्या रश्श्याकडे तर वीगन मंडळींनी एकदा नीट बघावं. तो पांढरा होतो नारळाच्या दुधाने, खसखशीने, तिळाने, काजूने. दुधाचा थेंब नाही. मटणाचं अळणी काढून त्याजागी दुधी-नवलकोलाचं पाणी घातलं तर भाची वाटीने पिते.

झाबुआकडून कुणी कडकनाथ कोंबडा आणून दिला तर त्यालाही हेच वाटण. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा तोरा वाढला आहे, भावही. मांस काळं, घट्ट, चरबी कमी. ब्रॉयलरच्या हिशोबाने वेळ लावलात तर दात हलतील. बोकडाएवढा वेळ द्या, तेल थोडं जास्त.

वीगन आणि मटण यांवर मित्रमंडळींत जी भांडणं होतात, ती मला फार पोकळ वाटतात. एक बाजू म्हणते घासफूस, दुसरी म्हणते खाटीक. दोघांच्या घरातल्या खोबऱ्याच्या बरण्या सारख्याच. प्राण्याबद्दल भाचीचं जे म्हणणं आहे ते मी ऐकून घेते, आणि ते खोटं आहे असं मला वाटत नाही. मटण मात्र सोडलेलं नाही. तिलाही मी एक सांगते, आणि वीगन झालेल्या प्रत्येकालाच सांगते: तीळ खा, शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण बी-12 फडताळात नाही. त्याच्यासाठी डॉक्टरला विचारून गोळी घ्यावीच लागते. यावर ‘पूर्वीचे लोक’ वगैरे सुरू करू नये. पूर्वीचे लोक ताक पीत होते.

रविवारी आमच्याकडे आता असं चालतं. सकाळी सुक्या खोबऱ्याचं दूध काढते, त्यात शेवया शिजवून गूळ घालते. पिळून उरलेला चोथा टाकायचा नाही, तो कोरडा तांबूस भाजून वाटणात जातो. वाटण एकदाच करते आणि मटणाला हात लावायच्या आधी भाचीचा वाटा वेगळ्या भांड्यात काढते. तिची अट एकच, तिच्या पातेल्यात डाव वेगळा. योग्य अट आहे. सासूबाई दोन्ही रस्से चाखतात आणि वडीत मीठ कमी आहे म्हणतात, दर रविवारी.

प्रमाण विचाराल म्हणून लिहून ठेवते. किलोभर मटणाला दोन कांदे जाळावर भाजलेले आणि दोन चिरून परतायला, सुक्या खोबऱ्याची अर्धी मोठी वाटी, दोन मोठे चमचे खसखस, एक मोठा चमचा तीळ, दोन मोठे चमचे धणे, पाच-सहा लवंगा, आठ-दहा मिरे, बोटभर दालचिनी, एक मसाला वेलची, चिमूटभर दगडफूल, पंधराएक लसूण पाकळ्या, दोन इंच आलं. दीडशे ग्रॅम कोरड्या वड्यांना यातलं निम्मं पुरतं. जिरावन यात घालायचं नाही. इंदूरवाले सगळ्यात घालतात, मला माहीत आहे, तरी नाही.