घरात तंगडी वर करणारा नवा कुत्रा ‘मालक’ व्हायला बघत नसतो

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘दत्तक आणलेला मोठा कुत्रा घरात तंगडी वर करतो म्हणजे तो घरावर हुकूमत सांगतोय. त्याचं नाक लघवीत घासा, मालक कोण ते कळू द्या. नसबंदी केली की हे लगेच बंद होतं. जागा ब्लीचने पुसा. तरी थांबला नाही तर परत द्या, मोठा कुत्रा शिकत नाही.’ यातल्या शेवटच्या वाक्यापायी कुत्र्याचं नुकतंच मिळालेलं घर सुटतं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी हुकूमत. ही कल्पना आली लांडग्यांवरून, तीही कोंडलेल्या. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं मांडली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’, म्हणजे कळपावर हुकूमत गाजवणारा म्होरक्या, हा शब्द सगळीकडे पोचला. त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे ‘अल्फा’ हा शब्द बसत नाही. मग सोफ्याच्या पायावर पडलेल्या चार थेंबांना सिंहासनाची लढाई कशाला म्हणायचं? लघवीच्या वासातून कुत्र्यांना नर की मादी, कोण येऊन गेलं, माजावर कोण आहे हे कळतं. नव्या घरात सगळेच वास परके असतात. आधीच्या कुत्र्याचा वास, पाहुण्यांच्या बॅगा, खिडकीबाहेरून जाणारी कुत्री. अशा वेळी बावरलेला कुत्रा स्वतःचा वास सोडून ठेवतो. यालाच मार्किंग म्हणतात. माद्याही हे करतात, नसबंदी झालेलेही करतात.

आणि ते मार्किंगच आहे का, हे तर त्या सल्ल्यात कुणी विचारतच नाही. मार्किंग म्हणजे थोडी लघवी, बहुधा उभ्या वस्तूवर किंवा घरात नव्याने आलेल्या सामानावर. जमिनीवर मोठं थारोळं असेल तर कुत्र्याला बाहेर जायची सवय लागलेली नसेल किंवा दुखणं असेल: मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार. पाणी फार पितोय, कुंथतोय, लघवीत रक्त दिसतंय, तर आधी व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर.

नाक घासण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त छळतो. ‘त्याला कळतं, बघा कसा मान खाली घालतो,’ असं लोक सांगतात. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नव्हता, माणूस रागावला की दिसत होता. म्हणजे अर्ध्या तासापूर्वीच्या लघवीशी कुत्रा तुमचा राग जोडत नाही. जोडतो तो एवढंच: या माणसासमोर लघवी धोक्याची. आमच्याकडे चार वर्षांचा कुत्रा आला तेव्हा पहिल्या आठवड्यात मीही त्याच्यावर ओरडले. त्यानंतर तो बाहेर पट्ट्यावर माझ्यासमोर तंगडी वर करेना, तासभर फिरून कोरडाच परत यायचा आणि पडद्यामागे जाऊन मोकळा व्हायचा. बाहेर, आपल्या डोळ्यांदेखत त्याने निर्धास्तपणे लघवी करावी, हीच तर आपली सगळी भिस्त. ती माझ्या ओरडण्याने गेली. परत यायला महिना लागला.

नसबंदीचा फायदा खरा आहे, ‘लगेच बंद’ मात्र खोटं. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नसबंदीनंतर सुमारे 60 टक्के नरांचं मार्किंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं. म्हणजे बऱ्याच जणांचं तेवढं घटलं नाही. जडलेली सवय शस्त्रक्रियेने पुसली जात नाही.

ब्लीच वापरू नकाच. लघवीतून अमोनिया तयार होतो, तो ब्लीचमध्ये मिसळला की विषारी वायू निघतो. लघवी टिपून घ्या आणि एन्झाइम असलेला क्लीनर लेबलवर सांगितलेला वेळ तिथे ओला राहू द्या. वास आपल्याला गेल्यासारखा वाटला तरी कुत्र्याच्या नाकाला तो येत असतो.

राहिला ‘मोठा कुत्रा शिकत नाही’. उलट निरोगी मोठा कुत्रा पिल्लापेक्षा कितीतरी जास्त वेळ लघवी धरू शकतो, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. पहिले काही आठवडे त्याला पिल्लासारखं वागवा. दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या, मनसोक्त हुंगू द्या, लघवी संपताक्षणी तिथेच त्याला आवडीचा खाऊ द्या. घरी येऊन दिलेला उपयोगाचा नाही. घरात तो नजरेसमोर हवा, हलका पट्टा लावून तुमच्याजवळ. नजर ठेवणं शक्य नसेल तेव्हा एकाच खोलीत ठेवा. एखादा कोपरा हुंगत गोल फिरायला लागला की शांतपणे हाक मारून बाहेर न्या. जिथे वारंवार मार्किंग होतं, तिथे नीट सफाई करून त्याचं अंथरूण किंवा जेवणाचं भांडं ठेवून बघा. बाहेरची कुत्री बघून करत असेल तर खिडकीचा खालचा भाग झाका. नरासाठी पोटाला बांधायचा, लघवी शोषणारा पट्टा मिळतो. त्याने फर्निचर वाचतं, सवय मोडत नाही, आणि ओला झाला की लगेच बदलावा लागतो. एवढ्यानेही फरक पडला नाही आणि कुत्रा सतत घाबरलेला दिसत असेल, तर व्हेटशी त्याच्या भीतीबद्दल बोला. त्यावर औषधं आहेत.