सर्दीच्या दोन गोळ्या आणि मेडिकलची कात्री

पाऊस लागला की मुंबईतल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी हेच चालू असतं. "सर्दीचं काहीतरी द्या. दोनच द्या." काउंटरवरचा मुलगा कात्रीने पट्टीचा कोपरा कापतो, पुडीत टाकतो, पुढचं गिऱ्हाईक. औषधाचं नाव आणि एक्स्पायरी बरेचदा दुकानात उरलेल्या तुकड्यावर.

माझा राग या कात्रीवर आहे.

'सर्दीची गोळी' म्हणून एकच एक औषध नसतं. एका गोळीत बहुधा तीन असतात: ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाक गळतं म्हणून क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, चोंदलंय म्हणून फिनाइलेफ्रिन. काहींत वर कॅफिन. नावच माहीत नसलेला माणूस सकाळी ही गोळी घेतो, दुपारी कणकण वाटते म्हणून डोलो ६५०, रात्री डोकं ठणकतं म्हणून कॉम्बिफ्लाम. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. एकेक गोळीने काही बिघडत नाही, पण दर चार तासांनी हा फेरा सुरू झाला की धडधाकट माणसाची दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. रोज 'बसणाऱ्यां'ची आणि यकृत आधीच दुखावलेल्यांची मर्यादा त्याहून खाली.

फिनाइलेफ्रिनची तर गंमतच. २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत पोटात घेऊन ते चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. बीपीवाल्यांनी मात्र त्याला जपून राहायचं. क्लोरफेनिरामिनने झोप येते हे सगळ्यांना ठाऊक, तरी ती घेऊन लोक बाईक काढतात. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची त्याने लघवी अडू शकते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

मुलांच्या बाबतीत मी ऐकून घेणार नाही. "अर्धा चमचा दे गं, काही होत नाही" म्हणणारं कोणीतरी प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतं. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनची जोडगोळी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपने मुलं गेली. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच, पाचखाली सहसा नकोत.

नाकातल्या थेंबांचंही तेच. झायलोमेटाझोलिनचे थेंब चार-पाच दिवसांपुढे ओढले, की नाक त्यांच्यामुळेच चोंदायला लागतं आणि बाटली सुटत नाही. मिठाच्या पाण्याच्या थेंबांना ही भानगड नाही. आणि अझिथ्रो, म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक? सर्दी विषाणूची, तिचं ते काही वाकडं करत नाही.

"सुट्टी घ्या, आराम करा" हे मी सांगणार नाही. चार घरची कामं करणाऱ्या ताईला किंवा डिलिव्हरीच्या पोराला एक खाडा परवडत नाही. घ्या गोळी, पण मेडिकलवाल्याला सांगा, "नाव असलेला तुकडा द्या." तो तोंड वाकडं करेल. तरी घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि दुसरी गोळी घेण्याआधी दोन्हींच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आईबाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर काउंटरवरच विचारा.

पावसाळ्यात आणखी एक. नाक फारसं वाहत नाही, पण ताप चढलाय, डोळ्यांमागे दुखतंय, अंग मोडून आलंय, तर ती सर्दी समजू नका. डेंग्यू असू शकतो आणि त्यात आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणजे आयबुप्रोफेन असलेली ती कॉम्बिफ्लाम तेव्हा नकोच. पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, रक्त तपासून घ्या. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर डॉक्टरांना तेही सांगा, कारण अशा पाण्यातून होणारा लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) अशाच ताप-अंगदुखीने सुरू होतो.