व्हेरिओ उड्या मारतोय म्हणून फिल्टर वाढवू नका, आधी नळी बघा

व्हेरिओ म्हणजे विमान किती वेगाने चढतं किंवा उतरतं ते दाखवणारं यंत्र. त्याबद्दल ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. थोडक्यात असा: "इलेक्ट्रॉनिक व्हेरिओ उड्या मारत असेल तर फिल्टर (आकडा सावकाश करणारी सेटिंग) 3-4 सेकंदांवर न्या. टीई (टोटल एनर्जी) कॉम्पेन्सेशन, म्हणजे वेग बदलल्याने दिसणारा खोटा चढ-उतार वजा करणं, सेटिंगमधून 100 टक्के करून टाका, म्हणजे प्रोबची कटकटच नको. नळ्या काय तपासायच्या, यंत्र तर नवं आहे. तरीही आकडा पटत नसेल तर शेजारच्या मेकॅनिकल व्हेरिओशी जुळवून घ्या. नेट्टो (फक्त हवेची हालचाल दाखवणारा आकडा) चुकीचं दाखवत असेल तर सेन्सर गेला समजा, दुरुस्तीला पाठवा."

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे: यंत्र इलेक्ट्रॉनिक, म्हणजे दोषही मेनूतच सापडणार. प्रत्यक्षात त्या डब्याच्या मागे पाच-सहा मीटर नळी असते, दोन-तीन टी-जोड असतात आणि शेपटाच्या उभ्या पंखावर एक प्रोब (बाहेरचा दाब घेणारी छोटी नळी) असतो. सेन्सर त्याच्यापर्यंत पोचलेला दाब मोजतो. तिथे चुकीचा दाब पोचला तर तो चुकीचाच दाब अचूक मोजून दाखवेल. आता एकेक मुद्दा घेऊ.

"उड्या मारतोय, फिल्टर वाढवा"

उड्या दोन प्रकारच्या असतात. त्यातली एक यंत्राची चूक नसतेच. टीई व्हेरिओ उंची आणि वेग यांची मिळून ऊर्जा मोजतो. तुम्ही 90 किमी/तास, म्हणजे 25 मी/से वेगाने चालला आहात आणि समोरून 2 मी/से ची झुळूक आली. हवेच्या सापेक्ष वेग 27 मी/से झाला. वेगाचा वर्ग भागिले दोन जी हा हिशेब केला तर ऊर्जेच्या भाषेत हे सव्वापाच मीटर उंची मिळाल्यासारखं आहे. झुळूक दोन सेकंदांत आली असेल तर व्हेरिओ तेवढ्यापुरता अडीच मी/से पेक्षा जास्त चढ दाखवणार. तो थर्मल (वर जाणारी गरम हवा) नव्हे, आणि बिघाडही नव्हे. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेच्या दुपारी असे धक्के सतत बसतात. सकाळच्या शांत हवेत काटा स्थिर राहत असेल तर यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

फिल्टरची किंमत किती ते बघा. 20 सेकंदांचं वर्तुळ धरा, म्हणजे सेकंदाला 18 अंश. 3 सेकंदांच्या साध्या फिल्टरमुळे थर्मलच्या चांगल्या बाजूची खूण तुम्हाला सुमारे 43 अंश उशिरा मिळते, आणि चढ-उतारातला फरकही पाऊण पटीपेक्षा किंचित कमी दिसतो. 1 सेकंदाच्या फिल्टरला हाच उशीर 17 अंशांच्या आसपास असतो. त्यात हात-पाय हलायला लागणारा एखादा सेकंद मिळवा. म्हणजे "व्हेरिओ शांत झाला" असं समाधान मिळतं आणि थर्मलचं केंद्र मात्र दर फेरीत सुमारे साठ अंश चुकतं. खूपच धक्के असतील तर फिल्टर अर्ध्या सेकंदाने वाढवून बघायला हरकत नाही. चढाचा खरा अंदाज मात्र 20 ते 30 सेकंदांच्या अ‍ॅव्हरेजरवर (सरासरी दाखवणाऱ्या आकड्यावर) घ्यावा, ते काम फिल्टरचं नाही.

शांत हवेतही काटा नाचतो ती दुसरी उडी. ही बहुतेक वेळा नळीतून किंवा वायरिंगमधून येते. फिल्टरने ती लपते, पण दोष जागेवरच राहतो.

"कॉम्पेन्सेशन 100 टक्के करा, प्रोबची कटकट नको"

सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होतं.

टीई कॉम्पेन्सेशन दोन रीतींनी होतं. पहिली हवेची: प्रोबवर स्टॅटिकपेक्षा (आजूबाजूच्या हवेच्या दाबापेक्षा) वेगाच्या दाबाइतकाच कमी दाब तयार होतो. तो थेट सेन्सरला मिळाला की वेगाचा हिशेब आपोआप वजा होतो. ब्राउनश्वाइग प्रोब असो, की नासाच्या ओरन निक्स यांनी 1970 च्या दशकात मांडलेला मागे भोकं असलेला वाकडा प्रोब असो, तत्त्व एकच. दुसरी रीत इलेक्ट्रॉनिक: यंत्र पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब) आणि स्टॅटिकवरून वेग काढतं आणि हिशेब स्वतः करतं. या रीतीत यंत्राच्या टीई तोंडाला प्रोब नव्हे, स्टॅटिक जोडायची असते.

आता नळी प्रोबलाच ठेवून मेनूत 100 टक्के केले तर काय होईल? एकाच गोष्टीची वजाबाकी दोनदा. 160 किमी/तासला ऊर्जेची उंची सुमारे 101 मीटर, 80 ला सुमारे 25. फरक 75 मीटरच्या वर. 160 वरून 80 वर यायला 10 सेकंद घेतले तर दुहेरी कॉम्पेन्सेशनमुळे व्हेरिओ त्या काळात साडेसात मी/से ची खोटी सिंक (उतरण्याचा वेग) दाखवेल. थर्मलमध्ये शिरताना पायलट नाक वर घेतो, नेमका तेव्हाच यंत्र "इथे काही नाही, पुढे चला" म्हणतं! उलट नळी स्टॅटिकला आणि टक्का शून्यावर असेल तर तेवढाच खोटा चढ दिसतो, दांडी ओढली की थर्मल हजर.

म्हणून आधी पॅनेलमागे बघा नळी कुठे जाते, मग सेटिंग करा. प्रोब जोडलेला असेल तर बऱ्याच यंत्रांत टक्का शून्य, स्टॅटिक जोडलेली असेल तर सुरुवात 100 पासून. नळीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. रंगांची पद्धत विमानागणिक बदलते आणि वार्षिक तपासणीनंतर नळ्यांची अदलाबदल झाल्याचे प्रकार घडतात. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा.

कॉम्पेन्सेशन बरोबर आहे का हे हवेतच कळतं, आणि तेही शांत हवेत: सकाळी लवकर किंवा थर्मल मेल्यावर संध्याकाळी. 160 किमी/तासवर काही सेकंद स्थिर राहा. व्हेरिओ त्या वेगाची सिंक दाखवेल, समजा 2 मी/से च्या आसपास. आता 8-10 सेकंद घेऊन हलक्या हाताने 80 पर्यंत या. आकडा उणे दोनकडून कमी वेगाच्या सिंककडे सरकत जावा आणि शून्य ओलांडू नये. मधेच चढ दाखवला तर कॉम्पेन्सेशन कमी. आधीच्यापेक्षा खोल सिंक दाखवली तर जास्त. आधी एका बाजूला झटका आणि लगेच उलट्या बाजूला, असं झालं तर प्रश्न प्रमाणाचा नसून वेळेचा आहे: पिटो आणि स्टॅटिक एकाच क्षणी पोचत नाहीत, टक्का बदलून ते सुटणार नाही. विमानाला नाकापासून शेपटापर्यंत लांब नळ्या असतील तर चांगला प्रोब इलेक्ट्रॉनिक हिशेबापेक्षा सरस ठरतो, असं आमचं मत आहे.

दांडी जोरात ओढून ही चाचणी करू नका. 2 जी ला (दुप्पट भार आल्यावर) प्रेरित ड्रॅग, म्हणजे उचल निर्माण करताना होणारा हवेचा विरोध, त्याच वेगावर चौपट होतो. तेव्हा दिसणारी जादा सिंक खरी असते, आणि लोक तिच्यासाठी उगाच टक्के फिरवत बसतात.

"नळ्या काय तपासायच्या, यंत्र तर नवं आहे"

यंत्र नवं असतं, नळी पंधरा वर्षांची. गळतीची पहिली शंका हवेतच फेडून घेता येते. स्थिर वेगाने जाताना व्हेंट उघडा-बंद करा, बाजूची छोटी खिडकी सरकवा. त्याबरोबर व्हेरिओ हलला तर टीईची ओळ कॉकपिटमध्ये कुठेतरी उघडी आहे. हलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, गळती शेपटातही असू शकते.

जमिनीवरची चाचणी अशी. 20 मिलीची सिरिंज, मऊ नळीचा तुकडा आणि टी-जोड घ्या. तिसऱ्या फाट्यावर यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरा, तो तुमचा दाबमापक. मऊ नळी प्रोबवर अशी चढवा की सगळी भोकं झाकली जातील. आता सिरिंज हळूहळू ओढा, पाण्याच्या दोन पातळ्यांत 12 सेंमी फरक पडेपर्यंत. हा साधारण 160 किमी/तासचा वेगदाब आहे (100 ला पावणेपाच सेंमी). किती कमी ओढावं लागतं ते लक्षात ठेवा: 5 मिमी आतल्या व्यासाच्या 6 मीटर नळीत फक्त 118 मिली हवा असते. हडपसरसारख्या समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवरच्या मैदानावर तेवढ्यासाठी दीड मिली पुरते. ओळीवर मेकॅनिकल व्हेरिओची 450 मिलीची बाटली असेल तर सात-आठ मिली. घाईने पूर्ण पिस्टन ओढलात तर बाटली नसलेल्या ओळीत 100 हेक्टोपास्कलच्या वर फरक पडेल आणि यंत्राला खरोखरच दुरुस्ती लागेल. तोंडाने ओढणं किंवा फुंकणं तर नकोच.

पहिले 10-15 सेकंद सोडून द्या, त्यात हवेचं तापमान सावरतं. नंतर मिनिटभर पाण्याची पातळी हलू नये आणि व्हेरिओ शून्यावर बसावा. तो सिंक दाखवत राहिला तर बाहेरची हवा आत शिरते आहे. मग अर्ध्या-अर्ध्याने शोधा: पॅनेलमागे गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने नळी दाबा. मागचा भाग दाब धरत असेल तर गळती पुढे, नसेल तर मागे.

ठरलेल्या जागा: प्रोबच्या बैठकीतल्या ओ-रिंग (सुकलेल्या, चिरलेल्या, किंवा प्रोब शेवटपर्यंत न बसल्याने निकामी), टी-जोड, पाणी अडवायची छोटी डबी, आणि कडक होऊन सैल झालेली पीव्हीसी नळीची टोकं. लांबी शिल्लक असेल तर टोकाचा सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवा. फार मऊ सिलिकॉन नळी लांब ओळीला वापरू नये, ती हलली-दबली की दाबाचा ठोका तयार होतो. कॅनॉपीबरोबर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाबरोबर) पॅनेल उचललं जातं अशा विमानांत एक खास गंमत असते: पॅनेल वर असताना सगळं ठीक, खाली आलं की नळीला मुरड. ही चाचणी पॅनेल बंद करूनही एकदा करा.

गळती नसून अडथळा असेल तर व्हेरिओ मंद आणि गोठल्यासारखा वागतो. पावसानंतर ओळीत पाणी, किंवा हँगरमध्ये झाकण न लावल्याने कुंभारीण माशीची माती. फुंकणीने साफ करायच्या आधी सगळी यंत्रं ओळीपासून सोडवा, आणि हवा पॅनेलकडून प्रोबकडे मारा. पिटो किंवा स्टॅटिकला हात लागला असेल तर वेगदर्शकही तपासून घ्या आणि परवानाधारक अभियंत्याकडून नोंद करून घेतल्याशिवाय उड्डाण नको. व्हेरिओ चुकला तर थर्मल हुकतो, वेग चुकला तर विंचवर (दोराने वर ओढलं जाताना) स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल अचानक जाते.

"मेकॅनिकलशी जुळवून घ्या"

कशासाठी? मेकॅनिकल व्हेरिओ बाटलीतून ये-जा करणाऱ्या हवेवर चालतो आणि जात्याच सावकाश असतो. दोघांचे क्षणाचे आकडे जुळायची अपेक्षाच चूक आहे, 30 सेकंदांची सरासरी जुळली की पुरे. दोघं एकाच टीई ओळीवर असतील तर मात्र हे ध्यानात ठेवा: 5 मी/से च्या चढात ती बाटली सेकंदाला साधारण पाव मिली हवा त्या ओळीत सोडते. ओळ कुठे अरुंद असेल तर हा श्वास शेजारच्या सेन्सरला जाणवतो. संशय असेल तर मेकॅनिकलचा फाटा सोडवून तोंड घट्ट बंद करा आणि एक उड्डाण करा. इलेक्ट्रॉनिक सुधारला तर त्याला स्वतंत्र ओळ द्या. मेकॅनिकलच चढ आणि सिंक दोन्ही कमी दाखवत असेल तर त्याची बाटली किंवा तिची नळी गळते आहे, तेव्हा त्याच्याशी जुळवणं म्हणजे चांगल्याला बिघडवणं.

"नेट्टो चुकतंय, सेन्सर गेला"

नेट्टो म्हणजे व्हेरिओच्या आकड्यातून विमानाची स्वतःची सिंक काढून उरलेली हवेची हालचाल. ती सिंक यंत्र पोलरवरून (कोणत्या वेगाला विमान किती उतरतं त्या आलेखावरून) घेतं. शांत हवेत 90, 120 आणि 150 किमी/तासवर अर्धा-अर्धा मिनिट उडा. नेट्टो तिन्ही वेळा शून्याजवळ हवं. 90 ला बरोबर आणि 150 ला उणे एक, असं दिसलं तर चुकीच्या विमानाची पोलर निवडली आहे, किंवा पंखांत भरलेल्या पाण्याचं वजन आणि पंखांना चिकटलेल्या किड्यांसाठीचा टक्का कोणीतरी मागच्या उड्डाणातला तसाच ठेवला आहे. एका विमानावर अनेकजण उडतात तिथे हे नेहमीचंच. ओळखायची खूण सोपी: वेग स्थिर असतानाही टिकणारी चूक पोलरची, वेग बदलतानाच येणारी चूक कॉम्पेन्सेशनची. रिलेटिव्ह नेट्टोत वर्तुळात उडतानाची सिंक पुन्हा धरलेली असते, त्यामुळे तिथे शून्य येणार नाही. कोणता मोड चालू आहे ते आधी वाचा.

सेन्सरवर यायचंच असेल तर दोन तपासण्या उरतात. प्रोब झाकून, यंत्र काही मिनिटं तापू देऊन शून्य बघा. वाऱ्यात उघड्या प्रोबसह घेतलेलं शून्य ग्राह्य धरू नये. मग रेडिओचं बटण दाबा. व्हेरिओने उडी मारली किंवा तो रीसेट झाला, तर प्रक्षेपण चालू असताना व्हेरिओच्या प्लगवर आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर फ्यूजची बैठक, स्विच किंवा बारीक वायर शोधा. फरक नगण्य असूनही उडी येत असेल तर अँटेनाची केबल व्हेरिओच्या वायरींपासून दूर न्या आणि तिचं ग्राउंड तपासा. एवढं सगळं स्वच्छ निघालं आणि झाकलेल्या प्रोबवरही शून्य सरकत राहिलं, तरच यंत्र खोक्यात भरा.