‘बाहुलीचे केस’ म्हणणाऱ्या एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. २८० रुपयांना एक अशा चार फ्लाय (गळावर केस-पिसं बांधून केलेली नकली आमिषं) घेतल्या, हरणाचे केस असतील असं वाटलं होतं, निघाले ‘बाहुलीचे केस’. डोकी चिकट. मढच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच फेकीत शेपटी गळाला गुंडाळली. शिवाय समुद्रात प्लास्टिकची भर.

चिकट डोक्यांचं आधी सांगते, कारण ती चूक आमचीच. डोक्यावरचं रेझिन यूव्ही टॉर्चखाली कडक होतं, पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे सगळ्यात वरचा पापुद्रा ओलसर राहतो. टॉर्च जोरदार लागते आणि शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवावा लागतो. त्या आठवड्यात टॉर्चची बॅटरी उतरली होती आणि मी बोट लावून न बघताच पाकिटं भरली. चारही बदलून देते, पैसे नकोत.

आता केसांचं. चितळ-सांबराचे केस मी विकू शकत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. विलायती सॅमन-फ्लायवाले ज्यांच्यासाठी जीव टाकतात, ती आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसंही त्यातच येतात. तुम्ही व्हिडिओत पाहिलेलं ‘बकटेल’, म्हणजे शेपटीचे केस, अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे असतात. पाकिटावर ‘सिंथेटिक’ छापलंय, पण मुंगीएवढ्या अक्षरात. ते मोठं करते.

मात्र नाइलाज म्हणून सिंथेटिक वापरते, असं समजू नका. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या बॉब पोपोव्हिक्स या फ्लाय बांधणाऱ्याने ब्लूफिश माशाच्या दातांपुढे बकटेल टिकेना म्हणून सिंथेटिक केसांवर इपॉक्सी चढवून ‘सर्फ कँडी’ नावाची फ्लाय बांधली. आपल्याकडे केस कुरतडायचं तेच काम टोळ मासा आणि सुरमई करतात. टोळाच्या जबड्यात हरणाच्या केसांची दोन चाव्यांत हजामत होते. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही. एक झटका दिला की फ्लाय हलकी, फेक लांब. धागा निवडण्यातही हिशेब असतो. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२, पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, म्हणून ते तरंगतं, नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८, हे बुडतात. तुम्हाला मांदेलीसारखी दिसणारी, खाली जाणारी फ्लाय हवी होती, म्हणून पॉलिएस्टर. दिसायला बाहुलीचे केस, हे कबूल.

आणि जिथे पीस बरं, तिथे मीही पीसच वापरते. पवई तलावाच्या संथ पाण्यात टर्कीचं मऊ पीस, मारबू, नुसतं उभं असलं तरी श्वास घेतल्यासारखं हलतं. तिथे सिंथेटिक मेल्यासारखं लोंबतं. तिथल्यासाठी सिंथेटिक घ्यायला तुम्ही आलात तर मीच तुम्हाला परत पाठवीन.

शेपटी गुंडाळली त्यात अर्धा दोष माझा. जिताड्यासाठी लांब हवी म्हणालात, मी लांब बांधली. गळाच्या बाकापाशी जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) छोटा फास बांधून त्यावर शेपटी टेकवली असती तर ती अडकली नसती. नव्या चौघींना तो फास असेल. उरलेला अर्धा दोष डब्याचा: तुम्ही पाठवलेल्या फोटोत फ्लाय ओल्याच डब्यात दाबल्यात, केसांना घडी पडलीय आणि एका गळाला गंजही धरलाय. घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवायच्या, बारीक कंगवा फिरवायचा, उघड्यावर वाळवायच्या. घडी पडलेल्या केसांवर गरम पाणी घातलं की बहुतेक वेळा सरळ होतात. उकळतं नाही, नाहीतर कुरळे व्हायचे.

प्लास्टिकचा मुद्दा मला खोडता येत नाही. खडकात अडकून तुटलेली फ्लाय तिथेच राहते, आणि हरणाचे केस जसे कुजले असते तसं पॉलिएस्टर कुजत नाही. टेबलावरची कात्रणं मी डब्यात गोळा करते, मोरीत जाऊ देत नाही. समुद्रात गेलेल्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. जुनी फ्लाय आणलीत तर गळ चांगला असेल तोवर त्यावरच नवी बांधून देते, १०० रुपयांत. ही सोय आधीपासून आहे. पाटीवर लिहायची राहिली होती.

सोमवार सोडून कधीही या. गंजलेलाही आणा, ब्लेडने केस खरवडून पाहू, गळ वाचतोय का.