वाकड्याला काय म्हणावं? (कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी)

बदली होऊन म्हणा, लग्न होऊन म्हणा, तुम्ही कोल्हापुरात राहायला आला असाल तर तांबडा-पांढरा कुठं ओरपावा हे सांगणारे पैशाला पासरी भेटतील. लबाड माणसाला कुठला शब्द वापरावा हे मात्र कुणी सांगत नाही, आणि नवखा माणूस मार खातो तो नेमका तिथंच.

घाईनं 'चोर' म्हणू नका. तो शब्द देवळाबाहेरच्या चप्पला आणि एसटी स्टँडवरचे मोबाईल उचलणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. त्याहून मोठं काही उचलणाऱ्याला चोर म्हटलं की त्याचा अपमान होतो आणि तुमचा कार्यक्रम होतो. 'लबाड' तर त्याहून बिनकामाचा. तो आजीनं नातीला म्हणायचा: "लबाड कुठली, डब्यातला लाडू कुणी खाल्ला गं?"

'बेरकी', 'इरसाल', 'पोचलेला' या शिव्या नव्हेत, ही शिफारसपत्रं आहेत. "लई बेरकी हाय गडी," असं कट्ट्यावर कुणी म्हणालं की ऐकणारा सावध होत नाही, आपल्या धाकट्याला त्याच्याकडं कामाला चिकटवता येईल का याचा हिशेब मांडतो. 'बेणं' हा शब्द उसाच्या शिवारातला. लावणीचं बेणं निवडून घेतात. माणसांतलंही आपण निवडूनच देतो, दर पाच वर्षांनी.

'चारशेवीस' म्हणायची सवय असेल तर कायदा बघून म्हणा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं हे कलम १ जुलै २०२४ ला इतिहासजमा झालं. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. म्हणजे ज्यानं त्या तारखेआधी गंडवलं तो अजूनही चारशेवीस आणि नंतर गंडवलं तो तीनशे अठरा. दोन्हींत शिक्षा सात वर्षांपर्यंतच, त्यामुळं कुणाचा रुसवा नको. 'दामदुप्पट' योजनेत पैसे घातलेल्यांनी आपला हप्ता नक्की कुठल्या तारखेला बुडाला ते पावतीवर तपासून घ्यावं, निदान शिवी तरी बिनचूक पडेल.

खरी मेख वजनात आहे. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशींच्या तराजूत पन्नास ग्रॅम इकडंतिकडं झाले तर "काटा मारलासा की ओ!" असं खुशाल ओरडा. मावशी चार उलटी वाक्यं ऐकवतील, वर दोन मिरच्या टाकतील, विषय संपला. हेच वाक्य साखर कारखान्यातल्या उसाच्या वजनकाट्यावर बोलायचं असेल तर मात्र आधी घरी विचारून या.

तिथं भरलेली ट्रॉली काट्यावर चढते. आकडा काचेच्या आत उमटतो, तुम्ही काचेच्या बाहेर. गाडी रिकामी होऊन परत चढते, दोन आकड्यांतला फरक तो तुमचा ऊस. रात्री-अपरात्री उठून मोटर चालू करून वाढवलेलं रान एका चिठ्ठीत मावतं. वाटेत खासगी काट्यावर केलेलं वजन जास्त भरलं असेल तर ती पावती खिशातच राहू द्या. 'काटामारी' हा शब्द गेटच्या आत काढायचा नाही. आत त्याला 'थोडीफार तफावत' म्हणतात. अगदीच छातीत मावत नसेल तर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपर्यंत, म्हणजे ऊसदरासाठी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यापर्यंत, दम धरा आणि हजारो लोकांच्या आवाजात आपला आवाज मिसळून द्या. एकट्याचा ओळखू येतो. मध्ये एखादं भरारी पथक येऊन जाईल, पंचनामा होईल, काटा सुतासारखा सरळ निघेल. पथक आल्यावर सरळ होणारा काटा वाकडा म्हणायचा की आज्ञाधारक, यावर माझं मत आज्ञाधारक असं आहे.

बिलाचंही तसंच. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. ही माहिती मुलाला स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करून घ्या. चेअरमनसाहेबांसमोर म्हणून दाखवू नका, पुढच्या हंगामातही तोडणीची टोळी त्यांच्याच चिठ्ठीवर येणार आहे.

गुळाच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलाही गूळ कोल्हापुरी व्हायला तयार असतो, मग तो कुठल्याही राज्यातल्या काहिलीत का शिजलेला असेना. रानभेंडीच्या चिकानं रसातली मळी काढायची आणि येईल तो रंग घ्यायचा ही जुनी रीत. पण गिऱ्हाइकाला रवा, म्हणजे गुळाची ढेप, पिवळाधमक पाहिजे. मग रंगासाठी हायड्रॉस नावाची रासायनिक पूड, वजनासाठी साखरेचं पोतं. याला 'भेसळ' म्हणालात तर शाहू मार्केट यार्डातलं पोरगंसुद्धा हसेल. 'गिऱ्हाइकाची आवड' म्हणायचं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यात ते फार खोटंही बोलत नाहीत. काळपट रवा समोर ठेवला की नाक मुरडणारे आपणच.

चप्पल घेताना जोडी वाकवून बघा. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो, शिलाई चामड्याच्याच वादीची असते आणि वास कमावलेल्या कातड्याचा येतो. तुमच्या हातातल्या जोडीला डिंकाचा वास आला तर दुकानदाराला 'नकली' म्हणू नका, 'फॅन्सी' म्हणा, तोही तेच म्हणतो. या चपलेला २०१९ साली मानांकन मिळालं, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे. एवढी कागदपत्रं असूनही जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत हुबेहूब तसलीच पायताणं दिसली, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं भारतीय हस्तकलेतून 'प्रेरणा' घेतल्याचं मान्य केलं. हा शब्द लिहून ठेवा. शेजारच्या गाळेवाल्यानं उचललं तर ती नक्कल, इटलीनं उचललं तर प्रेरणा. एकाच चपलेला दोन शब्द, आणि कुठला लागू होणार हे दुकानाच्या भाड्यावर ठरतं.

निवडणुकीच्या दिवसांत तर शब्दांची फार काळजी घ्या. दूध संघाच्या निवडणुकीत गावच्या संस्थेचा ठराव ज्याच्या नावानं झाला तो ठरावधारक एकाएकी घरातून दिसेनासा झाला, तर पोलिसांत जाऊ नका. तो 'सहली'ला गेलाय. बायकोला कळवलेलं असतं, फोन बंद असतो आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तो उन्हानं रापून, नवा शर्ट घालून परत येतो. पाकिटाला 'पाकीट' म्हणणं असभ्य. 'लक्ष्मीदर्शन झालं का?' असं विचारावं, म्हणजे पुण्यही पदरात पडतं. लाच हा शब्द वर्तमानपत्रात, आणि तोही सापडलेल्या तलाठ्यापुरता.

एवढं जमलं की शेवटची पायरी फ्लेक्सची. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मावळत्या सूर्यासमोर गॉगल घातलेल्या माणसाच्या नावामागं काय लिहायचं, हे पोरं तुम्हाला विचारायला येतील, कारण तुम्ही शिकलेले. 'चाणक्य', 'किंगमेकर', 'धुरंधर' यांतलं काहीही चालेल. तिघांचा अर्थ तोच, जो तुम्ही पहिल्या महिन्यात तोंडावर म्हणणार होता. फक्त छपाईला जाण्याआधी खाली 'शुभेच्छुक' मध्ये आपलं नाव घातलंय का ते बघून घ्या. घातलं असेल तर ॲडव्हान्स तुम्हीच द्यायचा आहे, आणि उरलेली रक्कमही.