टॉवेलाखाली गेला माझा बोकड

परवापासून टॉवेल दिसला की माझं डोकं फिरायलंय. खांद्यावरचा, गाडीच्या सीटवरचा, काल तर न्हाणीतलासुद्धा. बायको म्हणाली, आधी अंग पुसा, मग भांडा त्याच्याशी.

परवाच्या बाजारी थोरला बोकड नेला. कोणता बाजार ते सांगत नाही, आठ दिवसांनी धाकट्याला घेऊन मला तिथंच तोंड दाखवायचंय. अस्सल उस्मानाबादी, काळाभोर, उन्हात पाठ नुसती चमकायची. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी अजून उस्मानाबादीच. तिच्याकडून हरकती-सूचना मागवायच्या राहिल्या असतील.) निघायच्या आधी ओसरीच्या वाश्याला ताणकाटा टांगला. ३१ किलो. पोरानं काट्याचा फोटो काढला. मी हिशोब मांडला: पंधराएक किलो मटण, आमच्याकडं साडेसातशेनं जायलंय, मुंडी-पाये-वझडी वेगळी. म्हणजे बारा हजारांच्या आसपासचा माल. व्यापाऱ्याचंही पोट आहे, म्हणून दहाला द्यायचा. दहाच्या खाली नाही. हे मी वाटेत पिकअपवाल्याला तीनदा ऐकवलं. त्यानं तिन्ही वेळेस "बराबर हाय" म्हणून गाणं मोठं केलं.

बोकडाचे पाय जमिनीला लागायच्या आत एक मामा चिकटले. ओळख ना पाळख. दावं माझ्या हातात, पण बोकड त्यांचा असल्यासारखं चाललेलं. दात बघितले, कण्यावरून अंगठा ओढला, मागून उचलून बघितला, पोटावर दोन थापा मारल्या आणि माझ्याकडं बघून हसले. ते हसणं लक्षात ठेवा.

"किती सांगायलाव पाव्हणं?"

"बारा."

"बारा!" असं म्हणून त्यांनी आजूबाजूच्या चार जणांना माझ्याकडं बघायला लावलं. मग एक व्यापारी आला. पांढरे कपडे, कानाला फोन. आणि मामांच्या खांद्यावरून तो टॉवेल उतरला.

त्या टॉवेलाबद्दल मला बोलायचंय. मूळ रंग बहुतेक गुलाबी. एका कोपऱ्यात फुलं, दुसऱ्या कोपऱ्यात तंबाखूचे डाग, मधे विडीनं पडलेलं एक भोक. त्या टॉवेलाखाली मामांचा हात गेला, व्यापाऱ्याचा हात गेला आणि आत उंदरं सुटल्यासारखी हालचाल सुरू झाली. तोंडं मात्र भलतीकडं. मामा आभाळाकडं बघायलेत, व्यापारी फोनवर कुणाला तरी "जेवला का" विचारायलाय. माझ्या बोकडाचा भाव माझ्यापासून दीड फुटावर ठरायलाय आणि मी त्या भोकातून काही दिसतंय का म्हणून मान वाकडी करायलोय. बी.एस्सी. माणूस. स्टॅटिस्टिक्स विषय होता मला.

मग मामांनी माझा हात आत ओढला. गरम, घामट, आत अंधार. "हजाराची बात," एवढंच बोलले. आधी आख्खा पंजा धरला. मग चार बोटं. मग तिसऱ्या बोटाच्या पेरावर नख रुतवलं. पंजा म्हणजे पाच, चार बोटं म्हणजे चार, झाले नऊ. नख म्हणजे अर्धा असणार. साडेनऊ! दहा नाही, पण बोकड परत न्यायला पुन्हा दीडशे भाडं. तरी खात्री करावी म्हणून मी मोठ्यांदा विचारलं, "म्हणजे किती झाले?"

आख्खी रांग हसली. शेजारची म्हातारी तिच्या पाटीसकट हसली.

"हळू बोला पाव्हणं," मामा दातओठ खाऊन म्हणाले, "बाजार फुटंल."

बाजार फुटंल! भाव मोठ्यांदा सांगितला तर बाजार फुटतो म्हणे. मग ज्याच्यात भाव सांगत नाहीत त्याला बाजार कशाला म्हणायचं, टॉवेलच म्हणा. आठवडी टॉवेल.

मी मान हलवली. कशाला हलवली ते मला अजून कळालं नाही. हलवली त्याच क्षणी पाचशेची नोट इसार म्हणून माझ्या खिशात, टाळी दिली आणि बोकड निघाला सुद्धा. मागं वळून बघितलं नाही त्यानं. दावं तेवढं सोडून दिलं माझ्या हातात, रीतीप्रमाणं.

पैसे मोजले तर आठ हजार सातशे. म्हटलं, साडेनऊ ठरलेत. मामा म्हणाले, कोण म्हणलं साडेनऊ? शेवटचं बोट मी सोडलं होतं की, ते धरायचं नसतं. आणि नख? नख म्हणजे पावाला कमी. नखाला वजाबाकीचं चिन्ह असतं हे मला कुठल्याच वर्गात शिकवलं नाही. बरं, पावाला कमी तर पावणेआठ व्हायला पाहिजेत, नाहीतर पावणेनऊ. सातशेचा आकडा कोणत्या बोटातून आला? तर पन्नास गोठ्याच्या नावानं आधीच कापले होते. कोणता गोठा? त्या मैदानात लिंबाची चार झाडं आहेत, पाण्याचा हौद कोरडा आहे आणि बोकड माझ्या पायाशी उभा होता! वर दोनशे मामांचे. मी नेमले नव्हते, बोलावले नव्हते, पण दलाली माझ्याकडून. खरेदी करणाऱ्याकडूनही घेतली असणार, ती टॉवेलाखाली.

पावती बघितली तर तिच्यावर सात हजार. बाजार समितीची फी खरेदीदाराला किमतीवर बसते ना, मग आकडा जितका बारका तितकं बरं. तासाभरानं चहा पीत होतो तर माझा थोरला हैदराबादच्या गाडीत चढायलाय. गाडीवरच्या पोराला तंबाखू दिली, विचारलं, कितीला घेतला रे? पोरगं भोळं, बोलून गेलं, अकरा-आठशे. म्हणजे एका बोकडाचे चार भाव: माझ्या डोक्यातला, माझ्या खिशातला, पावतीवरचा आणि हैदराबादच्या गाडीतला. आणि बोकडाच्या कानात पिवळा बिल्ला, त्याच्यावर १२ आकडी नंबर! १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावर विकता येत नाही, म्हणून मी दवाखान्याच्या दोन चकरा मारून तो मारून घेतलेला. सरकारला माझा बोकड नंबरासकट माहीत आहे. भाव तेवढा कुणालाच माहीत नाही.

सोयाबीनचं बघा. भाव नाही मिळत, हमीभावाच्या खाली जातं, सगळं मान्य. पण लातूरला सौदा निघाला की अर्ध्या तासात आमच्या पारावरच्या बिनकामाच्या माणसालाही आकडा पाठ असतो. २०१६ साली ते ई-नाम, म्हणजे सरकारचा ऑनलाइन बाजार, आलं, शेतमाल पडद्यावर चढला. हळदवाले, तूरवाले मोबाइल बघून शिव्या देतात. आम्हाला शिवी द्यायला सुद्धा आकडा नाही. आमच्या जनावरांच्या बाजारात साधा वजनकाटा नाही हो. भंगारवाला रद्दी घ्यायला आला तरी काटा घेऊन येतो.

आणि काटा असून तरी काय होतं म्हणा. २०१९ ला कर्ज काढून कोंबड्यांचं शेड मारलं होतं मी. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपलं काय तर शेड, पाणी, लाईट, भुसा आणि रात्रीची झोप. करार सोळा पानी, इंग्रजीत. मी वाचला, कळाला, तरी सही केली, ही माझी अक्कल. गाडी यायची रात्री दोनला. डोळ्यावर झोप, नाकात अमोनिया, पोरं जाळ्या भरायलेत, सुपरवायझर वहीत लिहायलाय. "वजन दाखवा की" म्हटलं तर म्हणायचा, दादा, विश्वास नाही का? अरे, विश्वास असता तर दोनला उठून बॅटरी घेऊन उभा राहिलो असतो का! मग पंधरा दिवसांनी कागद यायचा. एफसीआर (म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं ते) वाढला, मर वाढली, एवढे वजा, तेवढे वजा. खाद्याची गोणी पन्नासची म्हणून आली ती मी एकदा तोलली, सत्तेचाळीस भरली. तर म्हणे ओलावा उडतो. तीन किलो ओलावा उडतो आणि तो माझ्याच खात्यातून उडतो.

त्यात २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो म्हणून मोबाइलवर उठलं, लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, पुरल्या. पुढच्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला, मग तर विचारूच नका. शेडवर कोंबडीचा भाव मातीला मिळाला होता, आणि तालुक्याच्या चौकातल्या ढाब्यावर चिकन थाळीतली वाटी मात्र तेवढीच आणि थाळी पण तेवढ्यालाच. खाली जाताना भाव आमच्यापाशी थांबतो, वर जाताना आम्हाला ओलांडून जातो. आता त्या शेडात बायकोनं कडबा भरलाय. निदान कडब्याचा एफसीआर निघत नाही.

दुधाचं तर मी बोलणारच नव्हतो, पण निघालंच आहे तर: साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात उरतं ते), हे मला झोपेत विचारा. आमच्या डेअरीवरच्या मशीनचा डिस्प्ले मशीनवाल्याच्या बाजूला. मी म्हटलं, जरा फिरवा की इकडं. वायर पुरत नाही म्हणाला. सहा वर्षं झाली, वायर पुरत नाही. मी वायर विकत घेऊन देतो म्हटलं तर त्या दिवशी माझं फॅट ३.१ लागलं.

असो. रक्तदाब वाढतो. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय.

मिठावरून आठवलं.

ते मामा पोटावर थापा मारून हसले होते ना. आता सांगून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही. बाजाराच्या दिवशी पहाटे मी त्या बोकडाला बाजरीच्या भरड्यात मूठभर मीठ घालून चारलं होतं. मग बादलीभर पाणी पुढं ठेवलं. गडी घटाघटा पिला. ताणकाटा त्याच्या नंतर लावला. ३१ किलोत दोन किलो तरी हापशाचं पाणी होतं, आणि पोरानं त्याचाच फोटो काढला. मामांनी एका थापेत ओळखलं, बोलले काही नाहीत. बोलले असते तर बाजार फुटला असता. तर पारदर्शकतेवर एवढं बोलणारा मी, माझा मालसुद्धा तसा पारदर्शक नव्हता. पाणी होतं, पण आत.

तरी आठ-सातशे? दोन किलो पाण्याचे तेराशे रुपये कापतात का कुठं? बिसलरी आहे का ती!

घरी आलो तर आई ओसरीवर ज्वारी निवडत बसलेली. रिकामं दावं बघितलं, किती आले विचारलं. सांगितलं. सगळं सांगितलं: पंजा, चार बोटं, नख. ती सूप खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिली.

"आन् तू त्याचा हात उलटा न्हाई दाबलास?"

"म्हणजे?"

"तुला नको आसंल तर तू बोटं धरायची की. त्याचंच ऐकायला गेला व्हतास का?"

आमचे आबा चौथी शिकलेले. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून त्यांनी आणलेली देवणी बैलांची जोडी आजही गावात निघते बोलण्यात, नऊ वर्षं चालली. तिथं म्हणे तीन तास त्यांचा हात उपरण्याखाली होता. समोरच्यानं घाम पुसायला हात काढला आणि सौदा आबांचा झाला. मला वाटायचं टॉवेल म्हणजे अडाण्यांना लुटायची युक्ती. आणि अडाणी माणूस त्याच टॉवेलाखालून जोडी घेऊन आला, त्याचा बी.एस्सी. पोरगा रिकामं दावं. आईला बोटं कशी येतात विचारलं तर म्हणाली, बाजाराच्या आदल्या रात्री तुझे आबा माझ्यासंगच घोकायचे की. एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरातही टॉवेलाखालीच.

व्यापाऱ्याला दोष द्यायचा मी सोडला असं समजू नका. आबांची बोटं चालायची कारण समोरचाही तिथलाच, पुढच्या जत्रेला माळेगावात पुन्हा गाठ पडायची. आता समोरच्याला हैदराबादचा भाव फोनवर मिनिटाला कळतो आणि मला बोटं दाखवतो. फोन त्याला, टॉवेल मला. काटा आणा, फळ्यावर भाव लिहा, लिंबाला टांगा फळा. खडूचा खर्च मी देतो. वायरचा देणार होतो तसा.

पण काटा काही पुढच्या आठवड्यापर्यंत यायचा नाही आणि धाकटा दावणीला उभा आहे. म्हणून काल रात्री जेवणं झाल्यावर आईपुढं बसलो. तोच न्हाणीतला टॉवेल घेतला. ती व्यापारी, मी मी. धाकटा २६ किलोचा, या वेळी बिनामिठाचा, नऊच्या खाली द्यायचा नाही असं मनात पक्कं केलं. आईनं आभाळाकडं, म्हणजे पत्र्याकडं बघितलं, माझी बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली. नख लावलं. म्हणाली, झाला का पक्का? मी मान हलवली.

सहा हजार दोनशेला घेतला तिनं. आणि दावं पण ठेवून घेतलं.