पाहुणा, फुटपाथ आणि अण्णांची चप्पल

परवा माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा पेटलं. कारण नेहमीचंच. एक नेता, ज्या देशाशी त्याच्या देशाचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तिथे पाहुणा म्हणून गेला. (नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये तेच युद्ध पुन्हा होणार, आणि मला संध्याकाळी फिजिओथेरपीला जायचंय.) न्यू जर्सीतल्या भाच्याने हॉटेलबाहेर काळे झेंडे दाखवणाऱ्यांचा व्हिडिओ टाकला. दहाव्या मिनिटाला धाकट्या भावाने त्याच हॉटेलच्या दुसऱ्या दाराशी स्वागताला आलेल्यांचा टाकला. मग मोजदाद. तुमचे दीडशे, आमचे पाचशे. तुमचे भाड्याचे, आमचे मनापासून आलेले. वहिनीने मध्येच मिरचीच्या लोणच्याचा फोटो टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला, तर भाच्याने त्यालाही रागाचा लालबुंद चेहरा ठेवून दिला. बहुधा चुकून.

मी दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. जे म्हणायचं होतं ते तिथे मावेना, म्हणून इथे.

आमचे अण्णा असते तर त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं असतं, "गर्दीत चप्पल कुणाची हरवली का?"

ती गोष्ट १९५५ च्या नोव्हेंबरातली. सोव्हिएत रशियाचे पंतप्रधान बुल्गानिन आणि पक्षप्रमुख क्रुश्चेव्ह भारत फिरायला आले होते, त्यात मुंबईही होती. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे, गिरगावात चाळीत राहायचे. तो महिना मुंबईने कसा काढला ते वेगळं सांगायला नको. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन १५ माणसं गेली होती, शहर धुमसत होतं. तरी अण्णा पाहुणे बघायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. रेटारेटीत डाव्या पायातली चप्पल गेली. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय बघितलंस एवढं? अण्णा म्हणाले, "टक्कल." उरलेली उजव्या पायाची चप्पल आजीने पुढे कित्येक वर्षं झुरळं मारायला वापरली.

अण्णांच्या पिढीला क्रुश्चेव्हचं एवढं प्रेम का, तर गोवा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगिजांनी गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. आणि या पाहुण्यांनी भारतात उभं राहून जाहीरपणे भारताची बाजू घेतली. लगेच डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर पत्रक काढलं, त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा. झालं. आमच्या घरात डलेस ही शिवी झाली आणि क्रुश्चेव्हचा फोटो कॅलेंडरशेजारी लागला. पुढच्याच वर्षी हंगेरीतला उठाव चिरडायला त्याच माणसाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. फोटो काही उतरला नाही. काका समाजवादी. त्यावरून दोघे सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच खोलीत राहून. तेव्हा आमच्या घरातल्या भांडणाला व्हॉट्सअ‍ॅपची गरज कधीच नव्हती.

तर हा फोटोतला माणूस सप्टेंबर १९५९ मध्ये अमेरिकेला गेला. शीतयुद्ध ऐन भरात. तीन वर्षांपूर्वी मॉस्कोत पाश्चात्त्य राजदूतांसमोर "आम्ही तुम्हाला गाडू" असं बोलून बसलेला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने बोलावणं धाडलं तेव्हा अमेरिकेत जो गदारोळ झाला त्यापुढे आपले ग्रुप म्हणजे भजनी मंडळ. विल्यम बकली नावाच्या पुराणमतवादी संपादकाने तर धमकीच दिली की हा न्यूयॉर्कला येईल त्या दिवशी हडसन नदीत लाल रंग ओततो, रक्ताची नदी दिसू दे त्याला.

१५ सप्टेंबरला क्रुश्चेव्ह वॉशिंग्टनजवळ अँड्र्यूज विमानतळावर उतरला. टीयू-११४ हे अजस्र विमान घेऊन आला होता. ते इतकं उंच की अमेरिकनांचा जिना दारापर्यंत पोचेना, शेवटी विमानातली शिडी लावावी लागली. तिच्यावरून रशियाचा पंतप्रधान, बायको नीना, मुलं, सगळा लवाजमा सांभाळून सांभाळून खाली आला. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. याला त्याचाच अभिमान, आमच्या विमानाला पुरेल असा जिनाही नाही तुमच्याकडे! त्यात तीनच दिवस आधी सोडलेलं त्यांचं यान चंद्रावर जाऊन आदळलेलं. म्हणजे गडी छाती काढूनच आलेला.

आणि मग मोटारींचा ताफा शहरात शिरला. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि सगळी गप्प. टाळ्या नाहीत, शिव्या नाहीत. या माणसाने कलकत्त्याची गर्दी पाहिलेली, जिथे लोकांच्या प्रेमापुढे मोटारीने मान टाकली आणि पाहुण्यांना पोलिसांच्या गाडीत घालून न्यावं लागलं होतं. इथे लोक नुसते बघत होते. मला या सगळ्या दौऱ्यातला हा प्रसंग सर्वांत जास्त आवडतो. कोणी हुकूम न देता एवढ्या माणसांनी ठरवलं की बघायचं, पण देणार काही नाही. आपल्याला हे जमेल? आपल्याकडे दोन माणसं जमली की एक घोषणा देतो, दुसरा त्याचं रेकॉर्डिंग करतो.

दुसऱ्या दिवशी नॅशनल प्रेस क्लबमध्ये पत्रकारांनी पहिलाच प्रश्न विचारला तो स्टालिनच्या गुन्ह्यांचा, तेव्हा तुम्ही काय करत होतात म्हणून. क्रुश्चेव्ह लालेलाल. पुढे हंगेरीचं निघालं तेव्हा म्हणाला, हा प्रश्न काही लोकांच्या घशात मेलेल्या उंदरासारखा अडकलाय, गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही. उत्तर फर्मास, पण टाळाटाळच. आणि ती टाळाटाळ सगळ्यांसमोर झाली. पत्रकारांचं काम एवढंच होतं, ते त्यांनी चोख केलं. रस्त्यावर हंगेरीतून परागंदा झालेले लोक फलक धरून उभे होते, त्यांचंही तेच काम. ज्याच्या घरावर रणगाडा गेलाय त्याने पाहुणचाराच्या गोष्टी का ऐकाव्यात? फुटपाथ त्याचा आहे, त्याने ओरडावं.

माझा आक्षेप आहे तो लॉस एंजेलिसमध्ये जे झालं त्याला.

१९ सप्टेंबर. दुपारी ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सच्या स्टुडिओत जेवण. हॉलिवूडचे चारेकशे लोक, मर्लिन मन्रोपासून फ्रँक सिनात्रापर्यंत, आणि आमंत्रणासाठी अशी झुंबड की नवऱ्याला असलं तर बायकोला नाही. रोनाल्ड रेगन नावाच्या नटाने मात्र आमंत्रण नाकारलं. हे नाव लक्षात ठेवा. जेवताना क्रुश्चेव्हला कळलं की त्याला डिस्नेलँडला नेणार नाहीत, सुरक्षेची हमी देता येत नाही म्हणून. कोणीतरी टोमॅटो मारला होता, तोही पोलिसप्रमुखाच्या गाडीवर, तेवढं निमित्त. मग भर सभेत हा इसम लहान मुलासारखा भडकला. तिथे काय आहे? रॉकेटचे तळ आहेत? पटकीची साथ आलीय? गुंडांनी कब्जा केलाय? सगळं टीव्हीवर. अणुबॉम्ब बाळगणारा माणूस मिकी माउससाठी हट्ट करतोय, हे बघून आमचा भाचाही क्षणभर गप्प बसला असता.

रात्री शहराच्या वतीने मेजवानी. महापौर नॉरिस पॉल्सन. यजमान. त्यांनी उभं राहून पाहुण्याला सुनावलं की तुम्ही आम्हाला गाडू शकणार नाही, वेळ आली तर आम्ही मरेपर्यंत लढू. त्या "गाडू"चा खुलासा क्रुश्चेव्हने तीनच दिवस आधी प्रेस क्लबमध्ये केला होता, की बोललो ते इतिहासाच्या ओघाबद्दल, फावड्याबद्दल नव्हे. त्यामुळे त्याला आयताच फुलटॉस मिळाला. म्हणाला, तुमचे महापौर पेपर वाचत नाहीत का? आमच्याकडे असं असतं तर पुढच्या वेळी निवडून आले नसते! मग आवाज चढवून, आम्हाला यायला बारा तास लागले, परत जायला कदाचित दहाच लागतील. सभागृहाचं पाणी पाणी झालं.

झालं काय, तर दुपारचा हट्टी म्हातारा रात्री अपमान झालेला पाहुणा ठरला. दुसऱ्या दिवशी तो रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला निघाला आणि वाटेतल्या स्टेशनांवर लोकांनी त्याला हात हलवले, टाळ्या दिल्या. तो खाली उतरून गर्दीत शिरला, हस्तांदोलनं केली, आणि मला इतके दिवस नजरकैदेत ठेवलं होतं म्हणून तक्रारही करून घेतली. एवढं सगळं पॉल्सनसाहेबांच्या भाषणामुळे झालं असा माझा दावा नाही. छोट्या गावातल्या लोकांना कुतूहल होतंच. पण त्या भाषणाने हंगेरीकरांच्या फलकांचं वजन कमी केलं, एवढं मी नक्की म्हणेन.

माझं म्हणणं इतकंच आहे. फुटपाथवरच्या माणसाला ओरडायचा हक्क आहे. ज्याने पाट मांडलाय त्याला तो नाही. पाहुण्याची लायकी आहे म्हणून नव्हे. यजमानाने वाढता वाढता चिमटा काढला की पाहुण्याला पुण्य लागतं, म्हणून.

आता कोणी म्हणेल, ही जुनीपुराणी आतिथ्याची भाषा. तर २००७ चं घ्या. इराणचे अध्यक्ष अहमदीनेजाद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बोलायला आले. बाहेर निदर्शनं जोरात, आणि ती व्हायलाच हवी होती, या गृहस्थांनी ज्यूंच्या संहाराला थोतांड म्हटलं होतं. आत विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर यांनी ओळख करून देतानाच सांगितलं, तुमच्यात क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहाची सगळी लक्षणं दिसतात. बोलणं खोटं नव्हतं. पण अहमदीनेजाद उठले आणि शांतपणे म्हणाले, आमच्या देशात पाहुण्याला बोलायला बोलावलं की असं करत नाहीत, श्रोत्यांना त्यांचं त्यांना ठरवू देतात. टाळ्या पडल्या. हुकूमशहाला! त्यानंतर श्रोत्यांतून समलिंगींच्या छळाबद्दल प्रश्न आला आणि साहेब म्हणाले, तुमच्याकडे आहेत तसे समलिंगी आमच्या इराणात नाहीतच. सभागृह हसलं. आधी हसलं, मग हुर्यो उडवली. बोलिंजर यांच्या एवढ्या लांबलचक भाषणाला जे जमलं नाही ते त्या हसण्याने दोन सेकंदांत केलं.

क्रुश्चेव्हच्या दौऱ्याचा उत्तरार्ध तर निखळ विनोदी आहे. सॅन होजेला आयबीएमच्या कारखान्यात त्याला कॉम्प्युटरपेक्षा कॅन्टीन आवडलं, आपलं ताट आपण घ्यायचं, रांगेत उभं राहायचं. आयोवात कून रॅपिड्सला रॉसवेल गार्स्ट या मक्याचं बियाणं विकणाऱ्या शेतकऱ्याकडे गेला. गार्स्ट आधीपासून रशियाला बियाणं विकत होता, त्यामुळे ही खरी ओळखीतली भेट. पण मागे पत्रकार एवढे लागले की दोघांना शेत दिसेना. शेवटी गार्स्टने जनावरांचा मुरघास उचलून पत्रकारांवर फेकायला सुरुवात केली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या हॅरिसन सॉल्सबरीच्या नडगीवर लाथ हाणली. म्हणजे तेरा दिवसांच्या दौऱ्यात कम्युनिस्टांच्या म्होरक्याला कोणी हात लावला नाही आणि मार खाल्ला तो अमेरिकन पत्रकाराने, अमेरिकन शेतकऱ्याकडून.

हा माणूस वर्षभराने पुन्हा न्यूयॉर्कला आला, संयुक्त राष्ट्रांच्या सभेला, जहाजातून. मधल्या काळात अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान रशियाने पाडलं होतं आणि सगळा गोडवा संपला होता. आयझेनहॉवरची परतभेटही रद्द झाली होती. आता औपचारिक यजमान कोणीच नाही, सगळा फुटपाथच. गोदी कामगारांनी जहाज बांधून घ्यायला नकार दिला आणि वर भाड्याची बोट काढून फलक लावले. त्यातला एक इंग्रजीतल्या प्रेमाच्या चारोळीच्या चालीवर होता. गुलाब असतो लाल वगैरे, आणि शेवटी, स्टालिन तर गेला, तुमचं कधी? मला विचाराल तर पॉल्सनच्या अख्ख्या भाषणावरून ही चारोळी ओवाळून टाकावी अशी नाही, पॉल्सनचं अख्खं भाषण या चारोळीवरून ओवाळून टाकावं अशी आहे.

त्याच मुक्कामात ऑक्टोबरमध्ये, भर सभेत याने टेबलावर बूट आपटला म्हणतात, ते प्रकरण झालं. आपटला की नुसता दाखवला यावर अजून वाद आहे. अण्णांनी ती बातमी वाचून आजीला सांगितलं म्हणे, "बघ, मी म्हणत होतो ना, माझी चप्पल यानेच नेली. सवय आहे त्याला."

आणि रेगन. १९५९ ला त्या जेवणाला न गेलेले हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले, रशियाला दुष्टांचं साम्राज्य म्हणाले आणि मे १९८८ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मॉस्कोच्या लाल चौकात फिरताना दिसले. कोणीतरी विचारलं, अजूनही दुष्टांचं साम्राज्य वाटतं का? ते म्हणाले, नाही, तो काळ वेगळा होता. आमच्याकडे टीव्हीवर ते दाखवलं तेव्हा अण्णा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर येऊन बघत उभे राहिले. काका तोवर गेले होते. अण्णा काही बोलले नाहीत, परत जाऊन उरलेली दाढी केली.

हे सगळं लिहून झाल्यावर ग्रुप उघडला. मोजदाद आठशे विरुद्ध बाराशेवर गेली होती. मी गोदी कामगारांची ती चारोळी मराठीत करून टाकली. भाच्याने विचारलं, "आत्या, हे नक्की आमच्या बाजूचं आहे की मामाच्या?" भाऊ म्हणाला, अरे मी तुझा मामा नाही, काका आहे. वहिनीने लोणच्याची कृती पाठवली. मिरच्या पुसून कोरड्या करायच्या, उन्हात नाही, सावलीत.